न उमटलेला ठिपका

पद्दूमामांकडे आमच्या गल्लीतला पहिला गुन्हा घेऊन गेली ती मंगळम. तिची पितळेची घागर परसातून चोरीला गेली होती आणि दोन दिवसांनी विहिरीमागच्या केळीत सापडली. चोराच्या बोटांचे ठसे भांड्यावर राहतात, हे ज्ञान तिला नुकत्याच आलेल्या केबल टीव्हीने दिलं होतं. घागर कडेवर घेऊन ती थेट मामांच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, हजर झाली.

मामांनी घागर फिरवून पाहिली. आरशासारखी लखलखत होती.

"हें काय गे, मंगळम?"

"चिंच लावून घासून आणलें, मामा. चोराचे हात लागलेलें भांडें तुमच्यासारख्यांच्या घरांत तसेंच कसें आणूं?"

मामा हसले नाहीत. घागरीत वाकून बघत म्हणाले, "यांत एकच माणूस दिसतो, आणि तो मी आहें. मी चोरलों नाहीं, एवढें पाहिजे तर लिहून देतों."

मंगळम समाधानाने परत गेली. मामांनी घागर तपासली, एवढं तिला गल्लीत सांगायला पुरेसं होतं.

ही गोष्ट आत्ता आठवायचं कारण माझी नात. तिने कॉलेजात न्यायसहायक विज्ञान घेतलंय. घरी सगळे तिला विचारतात, "म्हणजे तू मुडदे पाहणार?" ती बिचारी सांगत बसते की रक्त, विषं, बंदुकीच्या गोळ्या, आवाज, कागद असे त्यात अनेक विभाग असतात. मी मात्र काही विचारलं नाही. मी एकदा त्या विज्ञानाशी झटापट करून तोंडावर आपटलेली बाई आहे.

तर पद्दूमामा. पूर्ण नाव अनंतपद्मनाभराव. तंजावरच्या आमच्या मराठी घरांत अशी गाडीच्या डब्यांसारखी जोडलेली नावं ठेवतात आणि मग उभा जन्म त्यांना पद्दू म्हणतात. मद्रासच्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी गेली. वादातली मृत्युपत्रं, खोट्या सह्या, धमकीच्या चिठ्ठ्या असं सगळं त्यांच्या टेबलावर यायचं. हे अक्षर त्याचं आहे की नाही, एवढं ते कोर्टाला सांगायचे. निवृत्त होऊन मामी वारल्यावर ते वडिलांच्या घरी, आमच्या गल्लीत राहायला आले. कुणी धंदा विचारला तर म्हणायचे, "कागद पाहतों." वाचतों असं कधीच म्हणाले नाहीत. मला वाटायचं, काय तरी म्हातारा शब्दांचा खेळ करतोय.

गल्लीचा मात्र समज वेगळाच होता. अक्षर पाहून जो माणूस ओळखतो, त्याला पुढचंही दिसत असणार. सकाळी कुणी मुलाची सही घेऊन यायचं, तो अमेरिकेला जाईल का म्हणून. कुणी होणाऱ्या सुनेचं पत्र आणायचं, ती तापट आहे का म्हणून. मामा प्रत्येक कागद कडांना धरून उजेडात बघायचे आणि सांगायचे, "निळी शाई. उजव्या हाताने लिहिलेलें. पुढचें सांगतां येत नाहीं." दुधवाल्याची चिठ्ठीसुद्धा ते हात धुऊन, कोरडे करून, कडांनाच धरायचे. लग्नपत्रिका आली तर आधी पाठ बघायचे. मजकुरापेक्षा पाठीवरचे दाब खरं बोलतात म्हणे.

'सांगतां येत नाहीं' हे त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य. कोर्टात एकदा त्यांनी तेच सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की तज्ज्ञाला काही कळलं नाही. ते कात्रण त्यांनी नीट जपून ठेवलं होतं आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. "एवढ्या मोठ्या नोकरींत माझें एकच वाक्य पेपरांत जसेंच्या तसें आलें," म्हणायचे. दुसऱ्या एका खटल्यात वकिलाने त्यांना चिडवून विचारलं होतं, "तुम्ही काय देव आहात?" मामा पिंजऱ्यातून म्हणाले, "नाहीं. म्हणूनच भिंग लागतें."

ती वर्षं अशी होती की रोज काहीतरी नवीन दिसायचं. बसस्टँडजवळ एसटीडीचे पिवळे बूथ, पाच रंगांत बॉलपेनं, आणि दर दोन दुकानांआड एक झेरॉक्सचं यंत्र. मामांचा त्या यंत्रावर भारी राग. बायका तिण्णैवर जमून "अमकी तमक्याच्या मुलीबद्दल असं म्हणाली म्हणून हिने सांगितलं" असं सुरू झाल्या की ते पेपर खाली करायचे. "ही झेरॉक्सची झेरॉक्स झाली गे. मूळ कुठे आहे? मूळ आणा." मूळ कधीच कुणाकडे नसायचं. मग दुसरा विषय.

आता माझ्याकडे वळायला हवं, नाइलाज आहे. तेव्हा मी चाळिशीला टेकलेली होते. घरी हिंदीच्या परीक्षांची शिकवणी घ्यायचे, म्हणून गल्ली मला हिंदी मामी म्हणायची. आमच्यातल्या बहुतेकांना देवनागरी वाचता येत नाही. घरी मराठी बोलायचं आणि लिहायचं तमिळ अक्षरांत. मला देवनागरी येत होती, त्यामुळे मी स्वतःला सरस्वती समजायचे. नावही सरस्वतीच असल्याने काम सोपं होतं. त्यात मला तमिळ डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांचं व्यसन. दर महिन्याला नवीन यायची, दोन दिवसांत फडशा. मोठ्या देवळाबाहेरच्या गाड्यावरून मी एक प्लॅस्टिकचं भिंगही घेतलं होतं. त्याने मी तांदूळ निवडायचे.

गल्लीतल्या बायकांना मराठी अभंग म्हणायचे होते. मी वर्ग काढला. पण तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. शब्दाच्या मध्ये ते आलं की वाचणारा आपोआप ग म्हणतो, पण शब्द त्यानेच सुरू झाला की तो क वाचतो. त्यामुळे आमच्या बायका देवापुढे 'काऊ काणीं' म्हणायच्या. मी एक युक्ती शोधली. शब्दाच्या सुरुवातीला ग असेल तर अक्षराखाली एक ठिपका द्यायचा. ठिपका असला तर ग, नसला तर क. अकरा बायका 'गाऊं गाणीं' म्हणू लागल्या आणि मी महिनाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

त्या अकरांत आमच्या समोरच्या घरातली कमलक्का होती. नवरा लवकर गेला. अप्पळम, म्हणजे पापड, आणि सणासमारंभाची पक्वान्नं करून तिने दोन मुली वाढवल्या. हसणं मोठं, आवाज त्याहून मोठा. आमच्या सुशीवर, माझ्या नणंदेवर, तिचा फार जीव. आपल्या भाच्यासाठी तिने सुशीला मागितलंही होतं. मी नाही म्हणाले. भाचा सायकली दुरुस्त करायचा आणि मला इंजिनियर हवा होता.

इंजिनियर काही मिळाला नाही. सुशी एकोणतिशीला आली तेव्हा पापनाशमचं एक स्थळ जुळलं. मुलगा शाळेत गणित शिकवायचा. माणसं भली वाटली. साखरपुडा झाला आणि परत जाताना त्यांच्याबरोबर आम्ही पिशवीभर अधिरसम दिले. अधिरसम म्हणजे तुमच्या अनारशांचे तळलेले, तेलाने निथळणारे चुलतभाऊ. अर्थात कमलक्काने केलेले.

चौथ्या दिवशी मुलाचे वडील एकटेच आले. कॉफी घेतली नाही. खिशातून चिठ्ठी काढून ह्यांच्यासमोर ठेवली. पिशवी रिकामी करताना तळाशी मिळाली म्हणे. खाली सही नाही. आमच्या मुलखात अशा निनावी पत्राला मोट्टै कडिदासु म्हणतात, बोडकं पत्र. त्याने मोडलेली लग्नं प्रत्येक गल्लीत दोन-चार असतात.

तमिळ अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. मुलाच्या वडिलांनी हळू आवाजात वाचून दाखवलं, "मुलीला कोड फार. लपवून काय करूं, आधींच सांगते."

आत सुशीच्या हातून काहीतरी पडलं. तिच्या कोपराजवळ लहानपणी उकळतं दूध सांडल्याचा एक पांढरट डाग होता. तो झाकायला ती लांब बाह्यांचं पोलकं घालायची.

"आम्ही मोडत नाहीं," मुलाचे वडील म्हणाले. "पण तुमच्याच पिशवींतून आलें आहे. कोणी, कां लिहिलें, तेवढें पुढच्या शुक्रवारपर्यंत सांगा."

ते गेले. सुशी बाहेर आली. रडली नाही. मला म्हणाली, "वहिनी, खरेंच कोड असतें तर मी लग्नाची नव्हतें कां?" उत्तर द्यायला मला वेळ नव्हता. माझ्यातली डिटेक्टिव्ह जागी झाली होती.

पहिलं काम ठशांचं. मी तोंडाला लावायची पावडर चिठ्ठीवर भरपूर ओतली आणि मुलांच्या चित्रकलेच्या ब्रशने पसरली. ठसे दिसले नाहीत, शिंका आल्या. मग मी स्वयंपाकघरातली पाककृतींची वही काढली. कमलक्काने मला लिहून दिलेली रसमची कृती त्यात होती. तांदळाचं भिंग लावलं. तेच लांब शेपटीचं अक्षर, तीच उजवीकडे झुकलेली ओळ. पिशवी तिने भरली होती. भाच्याला नकार मिळाल्याचा राग होता. मला कादंबरीचं शेवटचं पान दिसायला लागलं.

तिला बाजूला घेऊन विचारावं, हे मला सुचलं नाही. कादंबरीत कुणी तसं विचारत नाही. संध्याकाळी नळावर सगळ्या बायका जमल्या असताना मी चिठ्ठी तिच्यापुढे धरली.

"हें अक्षर कोणाचें, कमलक्का?"

तिने पाहिलं आणि खदखदून हसली. "अय्यो, माझेंच की! पिशवींत टाकलें होतें. हसले कां ते?"

"हसायला काय आहे यांत? मुलीला कोड म्हणून लिहिलीस तूं!"

"कोड कसलें? गोड! मुलीला गोड फार. आमची सुशी डबाच्या डबा संपवते ना, तें आधींच सांगितलें बरें म्हणून."

"ठिपका कुठे?"

तिने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. मग लांब धरली. हसू हळूहळू ओसरलं.

"घातलें होतें की," ती म्हणाली. "मामी, तुम्हीच शिकवलें ना. मी घातलें होतें."

ठिपका नव्हता. बाकीच्या दहाजणींनी आळीपाळीने चिठ्ठी पाहिली आणि एकीलाही दिसला नाही. दहाहीजणी माझ्याच शिष्या, सगळ्यांना नियम पाठ. ठिपका नाही म्हणजे क. कमलक्काने घागर उचलली, ती भरलेली नाही हे तिच्या लक्षातही आलं नाही, आणि घरात गेली.

दोन दिवसांत तीन घरांनी लग्नाच्या अप्पळमची ऑर्डर दुसरीकडे दिली. दुसऱ्याचं लग्न मोडणारीच्या हातचं शुभकार्यात कसं चालेल, असं म्हणत होते. तिची धाकटी मुलगी शाळेतून रडत आली. समोरचं दार दिवसाही लावलेलं दिसू लागलं. कुंभकोणमला भावाकडे जाऊन राहायचं ती म्हणते आहे, असं कानावर आलं. मी खिडकीतून ते दार बघायचे आणि स्वतःला सांगायचे की मी खरं तेच केलं.

तिसऱ्या सकाळी पद्दूमामांनी मला ओट्यावरून हाक मारली. त्यांच्यापर्यंत गोष्ट पाच तोंडांतून पोचली होती.

"सरसू, माझ्याकडे पांच झेरॉक्स आल्या आहेत. मूळ आण."

मी चिठ्ठी नेली. त्यांनी कडांना धरली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"ही पावडर कोणी घातली?"

"ठशांसाठी, मामा."

"ठसे राहूं दे. कागदाला वास मात्र छान येतो." मग आवाज बदलला. "लिहितांना कागदावर जो दाब पडतो, त्यांत तूं ही भरून ठेवलीस. तूं घरीं जा. गोष्ट मला सांगूं नको. कमला वाईट कीं चांगली, तिच्या भाच्याला नकार मिळाला कीं नाहीं, मला कांहीं ऐकायचें नाहीं. ऐकलें कीं डोळा तेंच पाहतो."

"पण अक्षर तिचंच आहे, ती कबूल झालीय! मग तपासायचं काय?"

"तेंच तर. अक्षराचा वाद नाहींच. वाद ठिपक्याचा आहे, आणि ठिपका कोणी शोधला नाहीं."

त्या दुपारी ते कमलक्काच्या दाराशी उभे राहिलेले मी खिडकीतून पाहिले. दार बऱ्याच वेळाने उघडलं. त्यांनी तिच्याकडून चिठ्ठीचा उरलेला कागद आणि तेच बॉलपेन मागून घेतलं. मग तिला तिच्याच ओट्यावर बसवून तेच वाक्य दहा वेळा लिहायला लावलं. आधी म्हणाले, "त्या दिवशीं काय करत होतीस तेंच कर." तिने अधिरसमच्या डब्यात हात घालून पाच-सहा पानांत बांधले, हात न पुसता कागद पुढे ओढला, डाव्या अंगठ्याने दाबून धरला आणि लिहायला लागली. मामा घाई करत नव्हते. लिहून झाल्यावर तिने विचारलं, "मामा, मी कुंभकोणमला जाऊं कीं राहूं?"

"अजून सांगतां येत नाहीं," मामा म्हणाले आणि कागद घेऊन निघाले.

मला त्यांचा इतका राग आला! खरं तर मला आनंद व्हायला हवा होता, अजून तरी मीच बरोबर ठरत होते. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आज नातीला सांगते तेच इथे लिहिते, ठिपका सापडावा असं मला वाटत होतं आणि सापडू नये असंही वाटत होतं. सापडला तर कमलक्का सुटणार आणि सगळ्या गल्लीसमोर मूर्ख ठरणार कोण?

गुरुवारी सकाळी मामांनी बोलावलं. खोलीच्या खिडक्या लावलेल्या होत्या. टेबलावर चिठ्ठी, आणि तिच्या कडेला जवळजवळ आडवी झोपवलेली टॉर्च. मऊ केसांच्या ब्रशने त्यांनी माझी पावडर झाडली होती. त्यासाठी एक अख्खी संध्याकाळ गेली, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला त्यांचं चांगलं, जड भिंग दिलं.

"काय दिसतें?"

मी मला जे पाहायचं होतं तेच पाहिलं. "काही नाही, मामा."

"वरून पाहतेस. उजेड कुठून येतो तिकडे पाहा." त्यांनी टॉर्च आणखी थोडी खाली केली.

आणि 'गोड'च्या पहिल्या अक्षराखाली एक छोटीशी सावली उभी राहिली. मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान, गोल खड्डा. आत शाईचा कण नाही. भोवती मात्र कागद काचेसारखा झाला होता, अंगठ्याएवढ्या तेलाच्या डागात.

"तेलकट कागदावर बॉलपेन टेकतें, पण शाई उतरत नाहीं," मामा म्हणाले. "तिने काल दहा वेळा लिहिलें. चार वेळा ठिपक्याचें असेंच झालें. आतां 'करूं'चा क पाहा. तिथेंही तेलाचा डाग पोचला आहे."

मी पाहिला. तिथे खड्डा नव्हता. कागद सपाट होता. क खाली तिने पेन टेकवलंच नव्हतं, ग खाली टेकवलं होतं.

मी भिंग खाली ठेवलं. मी मोठ्याने हसले, मग रडले. किती हलकं वाटलं, काय सांगू! मूर्ख ठरण्याची भीती कुठल्या कुठे गेली.

मामांनी विचारलं, "हा ठिपक्याचा शोध कोणाचा?"

"माझा," मी नाक पुसत म्हणाले.

"मग चौकशी तुझ्यापासून सुरू करायला पाहिजे होती गे."

त्यांनी आधीच अहवाल लिहून ठेवला होता. तमिळमध्ये, मोजून चार ओळी. चिठ्ठीचं अक्षर कमलाबाईंचंच आहे. 'गोड'च्या पहिल्या अक्षराखाली लेखणीचं टोक टेकल्याची खूण आहे. कागद तेलकट असल्याने शाई उतरलेली नाही. आणि चौथी ओळ, लिहिणारीच्या मनात काय होतं ते भिंगातून दिसत नाही.

"मामा, ही शेवटची ओळ काढा ना," मी म्हणाले. "लोक त्यालाच धरून बसतील."

"तें खरें आहे म्हणून लिहिलें आहे."

"पण तुम्हाला तर ठाऊक आहे ना, तिच्या मनात काय होतं?"

"मला ठाऊक आहे. भिंगाला ठाऊक नाहीं. सही भिंगाची आहे."

मग ते चप्पल घालून निघाले. कमलक्काच्या ओट्यासमोर, भर गल्लीत उभे राहिले आणि कोर्टात वाचावं तशा आवाजात अहवाल वाचायला लागले. एक एक शब्द सुटा. दारं उघडली. मंगळम हातातली परात तशीच घेऊन आली. चौथ्या ओळीला कुजबुज झाली. मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"हें कागदाचें झालें," ते म्हणाले. "आतां शेजारी म्हणून सांगतों. मी या बाईच्या हातचें खातों आणि पुढेंही खाणार. ज्यांना पाहायचें आहे त्यांनी माझ्या घरीं यावें, टॉर्च मी देतों."

दहाही जणी गेल्या. रांगेत उभ्या राहून, एकेक डोळा मिटून, खड्डा पाहून आल्या. सर्वांत शेवटी कमलक्का स्वतः गेली. तिथून बाहेर आली ती म्हणत, "घातलें होतें की मी! सांगत होतें की मी!" आणि तिचा तो आवाज पुन्हा गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

शुक्रवारी मुलाचे वडील आले. त्यांनीही टॉर्चच्या उजेडात पाहिलं. बराच वेळ वाकून होते. मग सरळ होऊन विचारलं, "म्हणजे मुलीला गोड आवडतें, एवढेंच?"

"तो माझा विषय नाहीं," मामा म्हणाले. "मुलीला विचारा."

"फार!" सुशी दाराआडून म्हणाली. त्या दिवशी तिने अर्ध्या बाह्यांचं पोलकं घातलं होतं.

लग्न झालं. अप्पळम कमलक्काचेच होते. माझी क्षमायाचना मात्र तिने ऐकून घेतली नाही. मी तिच्या दारात उभी राहून भाषण सुरू केलं, तर तिने माझ्या हातात लाटणं दिलं. "बसा, हिंदी मामी. तोंडाने बोलण्यापेक्षां हें करा." मी दिवसभर अप्पळम लाटले. एकही गोल झाला नाही. तिने ते वेगळे ठेवले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवले. त्यानंतर ती ग खाली ठिपका द्यायची तो तूरडाळीएवढा.

पुढे मामा मुलीकडे मद्रासला गेले. पाच-सहा वर्षं भेट नाही. मग एका मार्गशीर्षात मुलगी त्यांना देवदर्शनाला घेऊन आली, तेव्हा ते घटकाभर आमच्या गल्लीत थांबले. मुलीने आधीच हळूच सांगितलं, आता त्यांना फारसं कुणी ओळखू येत नाही. मला त्यांनी नमस्कार केला, आपण एकमेकांना कधी भेटलो नाही अशा अदबीने.

कमलक्काने त्यांना आत नेऊन बसवलं. भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी तोच चार ओळींचा कागद काचेत लावलेला होता. मामांची नजर तिथे गेली आणि ते उठले. खिशातून भिंग काढून त्यांनी अहवाल वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिला, सहीपाशी आल्यावर दोनदा.

"सही माझी आहे," ते म्हणाले. मग कमलक्काकडे वळून काळजीने विचारलं, "ही बाई कोण, मला आठवत नाहीं. सुटली कां?"

कमलक्काने पदर तोंडाशी नेला आणि लगेच खाली घेतला.

"सुटली, मामा," ती म्हणाली. "तुम्ही वाचलें तेव्हांच सुटली."

"बरें झालें," मामा म्हणाले, आणि कॉफीकडे वळले.